कोझिबूरचा बोकड नेमका कोणीकडे पाहतो, याचा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रमुख,
अंकीकरण विभाग,
सिलेशियन कुलचिन्ह ग्रंथसंग्रह,
ओपोले.

अर्जदार: एवाल्ड वोदाश, चिटणीस, कोझिबूर-कोकोशिन संयुक्त स्वयंसेवी अग्निशमन दल, मु. कोझिबूर.

विषय: हस्तलिखित क्र. १८८, 'सिलेशियन घराण्यांच्या ढालींची वही', यातील बोकड व कोंबडा मूळ पानांवर एकमेकांकडे पाहत आहेत किंवा कसे, याबाबत एका ओळीचा सही-शिक्क्याचा दाखला दिनांक १४ सप्टेंबरपूर्वी मिळणेबाबत.

संदर्भ: १) आपले पत्र दि. ११ जून. २) आपले पत्र दि. २१ जुलै. ३) अर्जदाराची आपल्या कार्यालयातील समक्ष भेट, दि. ५ ऑगस्ट.

महोदय,

१. रविवार, दिनांक ४ मे २०२५ रोजी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी कोझिबूरच्या चर्चपुढील पटांगणात फादर नॉर्बर्ट यांनी संयुक्त दलाच्या नव्या झेंड्यावरचे पांढरे कापड ओढून काढले. झेंड्यावर डावीकडे कोकोशिन गावचा कोंबडा होता, उजवीकडे कोझिबूर गावचा बोकड होता, आणि दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवलेली होती. बँड वाजत होता तो थांबला. अग्निशामकांचे संत फ्लोरियन यांचा तो दिवस असल्याने दोन्ही गावांतील झाडून सगळी माणसे हजर होती. फादर नॉर्बर्ट यांनी झेंडा वर-खाली न्याहाळला आणि शेजारी उभ्या असलेल्या सेवेकऱ्याला हळूच म्हणाले, "लग्नाला वर्ष झालं की असंच दिसतं." ध्वनिक्षेपक चालू होता.

२. प्रकरण झेंड्याचे असले तरी मागणी झेंड्याची नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे. कोझिबूर आणि कोकोशिन यांच्यामध्ये एक ओढा आहे आणि दोघांत मिळून एक अग्निशमन दल आहे. बंब कोझिबूरच्या शेडमध्ये उभा असतो. त्याचे पाइप कोकोशिनच्या मनोऱ्यात टांगलेले असतात, कारण ओले पाइप वाळवायला लागतो तेवढा उंच मनोरा फक्त तिथे आहे. आजोबांच्या वेळेपासून हे असेच चालत आले आहे आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नव्हते. आता मात्र दल फोडण्याचा ठराव आला असून त्यावर रविवार, १४ सप्टेंबर रोजी मतदान आहे. दल फुटले तर दोहोंपैकी एकाही गावाकडे बंब चालवण्याइतकी प्रशिक्षित माणसे उरत नाहीत, आणि नियमाप्रमाणे बंब शेजारच्या वोलारी गावाकडे जातो. वोलारीहून बंब यायला चांगला वेळ लागतो. कोकोशिनमधली निम्मी छपरे जुन्या लाकडाची आहेत. या अर्जाचा सारा खटाटोप त्या बंबासाठी आहे, हे कृपया शेवटपर्यंत ध्यानात ठेवावे.

३. झेंडा भरला तो अर्जदाराची पत्नी सौ. हिल्डेगार्डा हिने. ती माहेरची पिएला, कोकोशिनची. अर्जदार कोझिबूरचा. तेव्हा हे काम तिच्याकडे यावे यावर दोन्ही गावांचे एकमत झाले होते, आणि दोन्ही गावांचे एकमत झालेली ती अलीकडची शेवटची गोष्ट. तिने दोन हिवाळे घालवून आपल्या ग्रंथसंग्रहाच्या संकेतस्थळावरच्या, या वहीच्या चित्रांबरहुकूम रेशमाने भरतकाम केले. पानांच्या छापील प्रती काढून त्या तिने खिडकीला चिकटवल्या होत्या. बोकड संकेतस्थळावर पडद्याच्या उजव्या अंगाला दिसतो म्हणून तिने तो उजवीकडे घेतला. कोंबडा दुसऱ्या पडद्यावर डाव्या अंगाला दिसतो म्हणून तो डावीकडे घेतला. मनाचे काही घालायचे नाही, हा तिचा बाणा. बोकडाची दाढी जरा आखूड केली तर रेशीम वाचेल असे अर्जदाराने एकदा सुचवले होते. त्यावर ती म्हणाली, "अहो, चारशे वर्षं ती दाढी तेवढीच आहे. तुम्ही कुठले न्हावी लागून गेलात?"

झेंडा आशीर्वाद मिळेपर्यंत कोणाला दाखवायचा नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. ती पाळली गेली. पाळली नसती तर बरे झाले असते.

४. त्या सकाळी पुढे काय झाले ते थोडक्यात देतो. कोकोशिनचे पथकनायक श्री. अल्फोन्स पिएला हे हिल्डेगार्डाचे सख्खे धाकटे भाऊ. ते पुढे आले, झेंड्यासमोर उभे राहिले आणि सर्वांसमक्ष म्हणाले, "ताईनं आपल्याच माहेरच्या कोंबड्याला बोकडाचं ढुंगण दाखवलं." शब्द जसेच्या तसे देत आहे, कारण पुढे हेच शब्द दोन्ही गावांत फिरून दल फोडण्याच्या ठरावाच्या मसुद्यातही आले. यावर कोझिबूरचे सरपंच श्री. योआखिम ग्रुश्का यांनी उत्तर दिले की, मानाची डावी बाजू कोंबड्याला दिलेली आहे, बोकडाला कोपऱ्यात ढकललेले आहे, तेव्हा रागवायचेच झाले तर कोझिबूरने रागवावे. आणि ते लगेच रागावले.

नव्या झेंड्याच्या काठीत देणगीदारांनी आपापल्या नावाचा पितळी खिळा ठोकायचा असतो. त्या दिवशी निम्मे खिळे ठोकून झाले होते. दुपारी कोकोशिनचे लोक पक्कड घेऊन आले आणि आपापले खिळे उपटून घेऊन गेले. संध्याकाळी कोझिबूरच्या लोकांनी पाहिले की काठीत आता नुसते कोझिबूरचेच खिळे आहेत, म्हणजे सगळा झेंडा आपल्याच गळ्यात पडणार. म्हणून त्यांनीही आपले उपटले. काठीची सध्या चाळण झालेली आहे. जेवणाचे टेबल आधी मांडून ठेवले होते. बटाट्याचे गोळे कोझिबूरने घेतले आणि त्यावरचा मांसाचा रस्सा कोकोशिनने नेला. त्या दिवशी कोणीच नीट जेवले नाही.

५. हे का घडले याचा उलगडा अर्जदाराला ५ ऑगस्टला आपल्या कार्यालयात झाला. सोयीसाठी तो येथेच मांडतो. ढालीवरच्या प्राण्याने पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला तोंड करायचे, असा सर्वसाधारण नियम आहे. परंतु दोन ढाली समोरासमोरच्या पानांवर काढल्या, विशेषतः नवराबायकोच्या, तर डाव्या पानावरच्या प्राण्याची मान सौजन्य म्हणून आतल्या बाजूला वळवतात, म्हणजे तो जोडीदाराकडे पाहतो. वहीच्या चित्रकाराने ही रीत शेवटच्या पानापर्यंत पाळली आहे. कोझिबूरच्या घराण्यातला मुलगा आणि कोकोशिनच्या घराण्यातली मुलगी यांचे लग्न झाले होते. म्हणून डाव्या पानावर बोकड, त्याची मान उजवीकडे वळवलेली. उजव्या पानावर कोंबडा, डावीकडे पाहणारा. दोघे चारशे वर्षे एकमेकांकडे पाहत होते.

आपल्या विभागाने वहीचे स्कॅन घेताना पहिल्या पुठ्ठ्याच्या आतली बाजू दोनदा घेतली आहे: एकदा शेजारी रंग जुळवण्याची रंगपट्टी ठेवून आणि एकदा रंगपट्टी न ठेवता. दोन्ही चित्रांत वाळवीचे भोक एकाच जागी आहे, ते कोणीही पाहू शकतो. या एका जादा चित्रामुळे संकेतस्थळावर दोन-दोन पानांच्या जोड्या लावताना सगळी वही एका पानाने सरकली आहे. जे डावे पान ते उजवीकडे दिसते, जे उजवे ते पुढच्या पडद्यावर डावीकडे दिसते. परिणामी संपूर्ण वहीत एकही प्राणी दुसऱ्याकडे पाहत नाही. सिंह, अस्वले, बगळे आणि एक कासव धरून सगळी सिलेशियन सरदार मंडळी पाठीला पाठ लावून उभी आहेत. बाकीच्या घराण्यांना वंशज उरले नसावेत, म्हणून तक्रार फक्त आमच्याकडून आली.

६. अर्जदाराने मे महिन्यातच आपल्याकडे विचारणा केली होती की बोकड व कोंबडा यांची दिशा बरोबर आहे काय. आपले ११ जूनचे उत्तर मिळाले. त्यात म्हटले आहे की, संकेतस्थळावरील चित्रांचा क्रम हा चित्रांच्या क्रमांकानुसार आहे. याबद्दल अर्जदाराच्या मनात कधीही शंका नव्हती.

या पत्राची प्रत सरपंच श्री. ग्रुश्का यांनी चौकटीत बसवून कोझिबूरच्या पंचायतीत लावली. त्यांचे म्हणणे असे, की झेंडा सरकारी चित्राप्रमाणेच आहे असे आता सरकारने कळवले आहे, आणि सरकारी बोकड कोणासाठी मान वळवणार नाही. श्री. अल्फोन्स यांचे म्हणणे असे, की बोकडाने मान वळवल्याशिवाय पाइप मिळणार नाहीत. त्या दिवसापासून प्रश्न असा झाला आहे की जो कोणी झेंडा बदलेल तो हरला. म्हणूनच आपला दाखला लागतो. मूळ पानांवर दोघे समोरासमोर आहेत असे आपण लिहून दिले, तर कोणाला माघार घ्यावी लागत नाही. बोकड नमला असे होत नाही आणि कोंबडा जिंकला असेही होत नाही. दोघेही फक्त आपापल्या जागी परत जातात.

७. तेव्हा वरचा उलगडा झालेला नव्हता, तरी मूळ पाने पाहून दिशा कळवावी, एवढे अर्जदाराने दुसऱ्या पत्रात लिहिले. त्यावर आपले २१ जुलैचे पत्र आले. आपण कळवले की, पोझनान येथील एका जाणकार वाचकाने ढालीवरील प्राण्याने पाहणाऱ्याच्या डावीकडेच पाहिले पाहिजे, असे लक्षात आणून दिल्यावरून चित्र क्र. ४८ मध्ये आवश्यक ती दुरुस्ती करण्यात आली आहे. चित्र क्र. ४८ म्हणजे आमचा बोकड. दुरुस्ती अशी, की आपण अख्खे पान आरशात धरल्यासारखे उलटे केले. बोकड आता डावीकडे पाहतो. त्याच्या डोक्यावरचे जर्मन अक्षरही उलटे झाले आहे, आणि कोपऱ्यातला आपल्या ग्रंथसंग्रहाचा शिक्काही.

परंतु वही अजून एका पानाने सरकलेलीच आहे. त्यामुळे बोकडाच्या डावीकडे पडद्यावर कोंबडा नाही, त्या आधीचे पान आहे. त्यावर वोलारीचा बैल आहे. बैलही डावीकडेच पाहतो. म्हणजे आजमितीस कोझिबूरचा बोकड मान खाली घालून वोलारीच्या बैलाच्या शेपटीकडे पाहत आहे.

वोलारीच्या लोकांनी हे त्याच आठवड्यात हेरले. त्यांच्या सरपंचांनी कोझिबूरला धुरी दिलेल्या सॉसेजची एक मोठी माळ पाठवली आणि सोबत निरोप धाडला, की कोणाच्या मागून चालायचे ते बोकडाला अखेर समजले. श्री. ग्रुश्का यांनी सॉसेज परत पाठवले. ते पोहोचले तेव्हा त्यातली दोन कमी होती, अशी वोलारीची तक्रार आहे. त्या चौकशीत हा अर्ज पडू इच्छित नाही.

८. दिनांक ५ ऑगस्ट रोजी अर्जदार स्वतः ओपोले येथे आपल्या कार्यालयात हजर झाला. वाचनकक्षातील श्रीमती बोझेना लिपोक यांनी सगळे नीट ऐकून घेतले. सौजन्याची वर दिलेली रीत त्यांनीच समजावून सांगितली. "डावीकडच्यानं मान वळवायचीच असते हो," त्या म्हणाल्या. "पाहुणा समोर बसलाय आणि यजमान भिंतीकडे तोंड करून बसलाय, असं कुठं असतं का?" त्यांच्याविषयी अर्जदाराची काडीचीही तक्रार नाही. हेच एका कागदावर लिहून द्याल काय, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की तो अधिकार आपला, म्हणजे विभागप्रमुखांचा आहे.

मग अर्जदाराने मूळ वही पाहायला मागितली. त्यावर कळले की ज्या हस्तलिखिताचे अंकीकरण झाले आहे ते वाचकांना देत नाहीत, कारण ते संकेतस्थळावर उपलब्ध आहे. तर मग संकेतस्थळावरचे पान सरळ करावे, असे म्हटल्यावर कळले की मूळ वहीशी पडताळून पाहिल्याशिवाय चित्रात बदल करता येत नाही. पडताळणी कोणी करायची, असे विचारले. ती वाचकाच्या अर्जावरून होते. वाचकाने मूळ पानाचा संदर्भ द्यायचा असतो. ज्या वहीचे अंकीकरण झालेले नाही ती पाहता येते काय, असे अर्जदाराने विचारले. ती अवश्य पाहता येते. तेव्हा क्र. १८८ चे अंकीकरण रद्द करण्यासाठी कोणता नमुना भरावा लागेल, अशी विचारणा अर्जदाराने केली. श्रीमती लिपोक यांनी खण उघडून खरोखर पाहिले. असा नमुना नव्हता.

पोझनानच्या वाचकाने मूळ पान न पाहता बदल कसा करून घेतला, हाही प्रश्न अर्जदाराने विचारला होता. त्यावर त्या म्हणाल्या, "ते प्राध्यापक आहेत."

९. शनिवार, २३ ऑगस्ट रोजी दुपारी दोन वीसला ओढ्याकाठच्या शेतातील गवताच्या गंजीला आग लागली. कोझिबूरहून बंब निघाला. त्यात पाणी होते, पाइप नव्हते. कोकोशिनहून ट्रॅक्टर निघाला. त्यावर पाइप होते, पाणी नव्हते. दोन्ही वाहने शेताच्या दोन टोकांना येऊन उभी राहिली. अर्जदार बंबावर होता, म्हणून पुढील मजकूर प्रत्यक्ष पाहिलेला आहे. श्री. अल्फोन्स यांनी पाइपांच्या भेंडोळ्यावर बसकण मारली आणि ओरडून विचारले, "दाजी, तुमचा बोकड वळला का?" बंबाच्या टपावरून श्री. ग्रुश्का यांनी उत्तर दिले, की कोंबड्याने आधी आरवून बघावे, पाणी येते का.

अर्जदार मधोमध चालत गेला आणि पाइप मागितले. श्री. अल्फोन्स हळू आवाजात म्हणाले, "दाजी, मला कळतंय. पण आज दिले तर उद्या गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही." ते खोटे बोलत नव्हते. त्यांच्या मागे उभी असलेली माणसे अर्जदाराला दिसत होती.

एवढ्यात वोलारीचे लोक पातळ शेणखताचा टँकर घेऊन आले आणि त्यांनी तो सगळा गंजीवर सोडला. आग विझली. वारा कोकोशिनच्या दिशेने होता. दुसऱ्या दिवशीचे एक बारसे त्यांना दाराखिडक्या लावून करावे लागले. गवत कोणाच्याही गुरांच्या कामाचे राहिले नाही. वोलारीच्या सरपंचांनी जाता जाता सुचवले, की बंब आणि पाइप दोन्ही त्यांच्याकडे दिले तर ते टँकरही धुऊन ठेवतील.

महोदय, या वेळी गवत होते. ज्या घरी बारसे होते त्याचे छप्पर लाकडी आहे, आणि ते घर त्या गंजीपासून दोन शेते सोडून आहे. त्या दिवसापासून अर्जदाराला या प्रकरणाचे हसू येईनासे झाले आहे.

१०. आपल्या कार्यालयावर कामाचा ताण आहे याची जाणीव आहे. म्हणून नियमांना धक्का न लावता काय करता येईल याचा अर्जदाराने विचार केला असून पुढील पर्याय नम्रपणे ठेवत आहे. आपल्या कर्मचाऱ्यांनी वहीची पेटी स्वतः उघडावी. अर्जदार त्या वेळी बाहेर जिन्यात उभा राहील, म्हणजे हस्तलिखित वाचकाला दाखवले असे होणार नाही. तेही अडचणीचे असल्यास कर्मचाऱ्यांनी पान न पाहता, कोणाही झाडलोट करणाऱ्या व्यक्तीने सहज नजर टाकावी, तिच्यावर वाचनकक्षाचे नियम लागू नसतील. लेखी देणे शक्य नसल्यास दूरध्वनीवरून एकदा खोकावे. तो होकार समजला जाईल. मात्र खोकल्यावर शिक्का मारता येत नाही, असे सरपंच श्री. ग्रुश्का यांनी आधीच बजावले आहे, म्हणून हा शेवटचा पर्याय अर्जदार स्वतःच मागे घेतो.

पुठ्ठ्याच्या दोन चित्रांपैकी एक काढून टाकले तरी सगळी वही आपोआप सरळ होईल. रंगपट्टी असलेले ठेवावे की नसलेले, यावर आमच्या दोन्ही गावांत अद्याप मतभेद झालेले नाहीत. होण्याच्या आत ते काढावे.

११. आता घरची स्थिती सांगणे भाग आहे, एरवी ती अर्जात आणली नसती. हिल्डेगार्डाला कोकोशिनमध्ये 'बोकडवाली' म्हणतात आणि कोझिबूरमध्ये 'कोंबडीवाली'. मेपासून ती आपल्या भावाशी बोललेली नाही, आणि तोही तिच्याशी. तिला झेंड्याचे वाईट वाटत नाही. तिला वाईट वाटते ते एवढेच, की तिने टाका चुकवला असे लोक समजतात. "जे समोर होतं तेच भरलं मी," एवढे एकच वाक्य ती अधूनमधून म्हणते, आणि तेही अर्जदाराला उद्देशून नसते; भांडी घासताना भांड्यांना म्हणते.

सोमवार, १ सप्टेंबर रोजी सकाळी तिने छोटी कात्री घेतली आणि बोकडाचे तोंड, दाढी आणि मान उसवून काढली. का, असे विचारल्यावर म्हणाली, "दाखला येईल तसं भरेन. तोवर त्यानं कुणाकडंच बघू नये." ही बातमी दुपारपर्यंत गावात पसरली. श्री. ग्रुश्का यांनी कोकोशिनच्या बाईने कोझिबूरच्या बोकडाचे मुंडके उडवल्याची नोंद पंचायतीच्या वृत्तांतात केली आहे. श्री. अल्फोन्स त्या दिवशी दुपारभर मनोऱ्यात पाइप उलटसुलट करत होते, असे समजते. रंगीत रेशीम सुईत ओवून तयार आहे. बोकडाला सध्या धड आहे, चार पाय आहेत, शेपूट आहे आणि तोंडाच्या जागी कोरे कापड आहे. मतदानाच्या दिवशी झेंडा सभागृहात असावा लागतो, असा दलाचा नियम आहे.

१२. सबब, आपणास विनंती की हस्तलिखित क्र. १८८ ची पेटी उघडून, बोकड व कोंबडा यांच्या पानांची जोडी पाहून, ते एकमेकांकडे पाहत असल्यास 'होय' आणि नसल्यास 'नाही' असे आपल्या कार्यालयाच्या कागदावर लिहून, खाली सही व शिक्का करून तो कागद लवकरात लवकर पाठवावा. कारणे, खुलासा किंवा दिलगिरी यांची अपेक्षा नाही. चित्र क्र. ४८ पूर्ववत सरळ करावे, ही दुसरी विनंती. परंतु दोन्ही होत नसल्यास पहिलीच करावी. उत्तर 'नाही' असे निघाले तर अर्जदाराने काय करावे, याचा विचार अर्जदाराने केलेला नाही.

कळावे. मतदान होईपर्यंत तरी दोन्ही गावांचा आणि आपला,

(सही)
एवाल्ड वोदाश
चिटणीस, संयुक्त स्वयंसेवी अग्निशमन दल
कोझिबूर, दि. ३ सप्टेंबर २०२५

सोबत:
झेंड्याचे छायाचित्र (१ सप्टेंबरपूर्वीचे, बोकडाला तोंड असलेले).
पुठ्ठ्याच्या दोन्ही चित्रांच्या छापील प्रती, वाळवीच्या भोकाभोवती लाल वर्तुळ केलेल्या.
चित्र क्र. ४८ ची छापील प्रत. ती वाचण्यासाठी आरसा सोबत जोडलेला नाही, आपल्याकडे असावा असे गृहीत धरले आहे.
बारशाच्या घरमालकाचे निवेदन. वासाविषयीचा परिच्छेद त्यांच्या विनंतीवरून वगळला आहे.

ता. क.: अर्ज पाकिटात घालत असताना, दुपारी चार दहाला, श्री. अल्फोन्स पिएला सायकलवरून आले. ते आत आले नाहीत. फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला आमचा बाक आहे, त्यावर रस्त्याकडे तोंड करून बसले. त्यांना कोणी बोलावले नव्हते. पंधराएक मिनिटांनी हिल्डेगार्डा दोन कप कॉफी आणि चुरा घातलेल्या केकचा तुकडा घेऊन बाहेर गेली व त्याच बाकावर बसली. दोघे काही बोलत असल्यास ते येथवर ऐकू येत नाही. पोस्टाची गाडी पाचला निघते, त्यामुळे पाकीट आता बंद करावे लागत आहे. या क्षणी अर्जदाराला खिडकीतून फक्त दोघांच्या पाठी दिसतात. तोंडे कोणीकडे आहेत, ते येथून सांगता येत नाही.